कशाचे वाहक?

टेंभुर्णेभाऊंना बसलेलं मी इतक्या वर्षांच्या ओळखीत दोनदाच पाहिलं. एकदा ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर, आणि एकदा दवाखान्यातल्या खुर्चीवर, हाताला सुई लावलेली असताना. बाकी हा माणूस उभा. गाडीत उभा, घरी उभा, लग्नात वाढायला उभा आणि मग जेवायलाही उभाच. कुणी खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून तिथेच गप्पा मारायचे. समोरच्याला अवघडल्यासारखं व्हायचं, तोही उठायचा. असे त्यांच्या पायी दोघं-तिघं उगाच ताटकळत उभे असलेले मी कितीदा तरी पाहिलेत.

मीही एका जागी धड बसणारी बाई नाही. हे लिहायला घेतल्यापासून तीनदा उठले. एकदा गॅस बंद केला का ते बघायला, एकदा दाराची कडी बघायला, आणि तिसऱ्यांदा कशाला उठले ते उठल्यावर आठवलंच नाही. या माणसाचा विषय निघाला की माझं असं होतं.

मी साकोलीची. नोकरी होती साकोली-लाखांदूर रस्त्यावरच्या एका गावात, सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. गावाचं नाव सांगत नाही. तिथे माझ्या ओळखीची माणसं अजून आहेत, आणि जी चूक झाली ती दवाखान्याची नव्हती, माझी एकटीची होती. रोजचं अप-डाऊन. सकाळच्या गाडीवर दयाराम टेंभुर्णे. मूळचे तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याचे, तिथून चार पावलांवर मध्य प्रदेश, त्यामुळे बोलण्यात हिंदी सांडलेली. उंच, वाळके, कोपरं बाहेर काढून चालणारे. खिशात कच्चे तांदूळ. कुणाचं तांदळाचं पोतं गाडीत चढलं की चार दाणे तोंडात टाकून सांगायचे, हा चिन्नोर नाही, फसवलं तुमाले.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, की ठेवायचीच नव्हती, कोण जाणे. माणूस म्हणजे त्याचा थांबा. "सरका ना वो लाखांदूर, लेकरू चेंदून राहिलं." मी साकोली. पंधरा वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. रस्त्यावर एक थांबा होता मोहाचं झाड. रस्ता रुंद करताना झाड गेलं, पण टेंभुर्णेभाऊ तिथे आले की ओरडायचेच, मोहाचं झाड, मोहाचं झाड. नवीन माणूस उतरून झाड शोधत बसायचा. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा गाडीत लोक तावातावानं बोलत होते. हे म्हणाले, गोंदिया आपल्या थांब्यावर उतरला, आपण गाडीतच आहो, यात भांडाचं काय आहे.

दोन गोष्टी मात्र नीट सांगायला हव्यात. पुढे त्यांच्यापाशीच यायचं आहे.

एक म्हणजे त्यांचं तिकीट देणं. तिकीट हातात ठेवताना प्रत्येकाला एकच वाक्य, "उतरेपर्यंत जपून ठेवा." दिवसातून शे-दोनशे वेळा, पण यंत्रासारखं नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून. जणू तिकीट नाही, त्यांच्या घरातली वस्तू तुमच्या हवाली करताहेत.

आणि दुसरं, फुकट्यांशी त्यांचं वागणं. तिकीट न काढता कुणी कोपऱ्यात तोंड लपवून बसला असेल तर दुसरे कंडक्टर आरडाओरडा करतात, भर गाडीत त्याची लाज काढतात. हे काही बोलायचे नाहीत. त्या माणसाच्या सीटशेजारी जाऊन उभे राहायचे. खिशातले तांदूळ तोंडात टाकायचे आणि खिडकीतून बाहेर धानाच्या बांध्यांकडे बघत राहायचे. एक थांबा गेला, दोन गेले. तो माणूस चुळबुळायला लागायचा, घामाघूम व्हायचा, आणि शेवटी स्वतःच म्हणायचा, एक लाखांदूर द्या. मग चिमट्यानं टिक् करून तिकीट आणि तेच वाक्य. मी एकदा विचारलं, एवढा वेळ घालवता कायले. तर म्हणाले, "मागितलेलं तिकीट माणूस जपून ठेवते, साकोली."

आता शिबिराचं सांगते.

आमच्या भागात सिकलसेल घरोघर. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, तो आजार. ज्याला आजार नाही पण आई-बापापैकी एकाकडून त्याचा अंश आलाय, त्याला सरकारी कागदात वाहक म्हणतात. तर अशी तपासणी एका शाळेच्या पडवीत होती आणि एसटीची माणसंही आली होती. नवे फॉर्म संपले. मी मोठी हुशार, गोडाऊनमधून जुना गठ्ठा काढला, जिल्हा एक होता तेव्हाचा छापलेला. त्यात सिकलसेलचा रकाना नव्हता. मग मीच पट्टी घेतली आणि 'व्यवसाय'च्या शेजारी पेनानं एक रेघ मारली. झाला रकाना.

टेंभुर्णेभाऊ समोर आले, अर्थात उभे. मी व्यवसायात कंडक्टर लिहिलं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"कंडक्टर नोको. वाहक लिहा. गाडीत पाटी असते ना, चालक अन् वाहक. तेच लिहा."

बोलायचे पक्की झाडीबोली, पण स्वतःच्या नोकरीचा शब्द मात्र पाटीवरचा हवा. आगार, स्थानक, वाहक. मागे रांग पडलेली, मला घाई. मी कंडक्टर खोडलं आणि पुढे जिथे जागा दिसली तिथे वाहक लिहिलं. ती जागा म्हणजे मी रेघ मारलेला रकाना.

संध्याकाळी मी कार्डं भरायला बसले. तपासणीचा पक्का निकाल रजिस्टरमध्ये होता, माझ्या रकान्यात फक्त ज्यांना काही निघालं त्यांचंच टिपलेलं, पण रजिस्टर सहकाऱ्याकडे, आणि माझी शेवटची गाडी जाणार. मी फॉर्म पाहूनच कार्डं लिहिली. दयाराम टेंभुर्णे, सिकलसेल, वाहक. खाली माझीच लफ्फेदार सही, जी कुणाला वाचता येत नाही.

त्यांनी ते कार्ड प्लास्टिकमध्ये मढवून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात गाडीत सगळ्यांना दाखवत होते, पाहा, सरकारनं पण वाहक लिहिलं, कंडक्टर नाही. आणि मी काय समजले? मी समजले हा माणूस आजाराचीही थट्टा करतोय. मनात म्हटलं, वा रे बहाद्दर, याला म्हणतात छाती. बाप्पा, आता आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

रिटायर व्हायला चार महिने होते तेव्हा त्यांना झटका आला. नागपूरला नेलं, जाळी बसवली, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. हृदयाची ताकद कमी झाल्याचं सांगितलं. फाइल झाली जाडजूड, आणि फाइलच्या पहिल्या पानाला ते मढवलेलं कार्ड. डॉक्टर विचारायचे, तुम्ही वाहक? हे मान ताठ करून सांगायचे, हाव. एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये तो शब्द उतरत गेला. पुढे कुणीतरी नुसतंच सिकलसेल लिहिलं.

नोकरी सुटली तरी त्यांना करमेना. राहायचे साकोलीत, तिथे दवाखान्यांची कमी नाही, पण महिन्याच्या गोळ्यांसाठी माझ्या नोकरीच्या गावी यायचे, त्याच सकाळच्या गाडीनं. सोबत वत्सलावहिनी, त्यांची बायको. गोल चेहऱ्याची, हळू बोलणारी, नवऱ्याच्या निम्म्या उंचीची. वहिनी माझ्या टेबलाशी येऊन गाऱ्हाणं सांगायच्या. रात्रभर पाय घासतात, पडल्या पडल्या पायांत काहीतरी वळवळते म्हणतात, उठून अंगणात फेऱ्या मारतात. दिवसा दहा पावलं चालले की दम. आणि तांदूळ तर आता असे खातात की डब्यात हात घालून मुठी भरतात. मी म्हटलं, आयुष्यभराची सवय ती, आता काय जाणार. पाय का घासतात, तर आयुष्य उभ्यानं काढलं, पाय मागतात गाडी. दम का लागतो, तर हृदयच तसं. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेदहा. मी सांगितलं, वयाच्या मानानं ठीक आहे वहिनी.

एके दिवशी वहिनींनी पिशवीतून लाल गोळ्यांची पाकिटं काढली. लोहाच्या. वस्तीतल्या आशाताईंनी दिल्या होत्या. घ्यायच्या का, एवढंच विचारायला आल्या होत्या. मी त्यांच्यावर खेकसलेच. "अहो, कार्ड पाहिलं ना त्यांचं? सिकलवाल्यानं लोह घ्यायचं नसते. काही झालं मंग मले सांगू नका." वहिनींनी निमूटपणे पाकिटं टेबलावर ठेवली. मी ती खणात टाकली. हे असं मी करून बसले, आणि वर मला वाटलं मी त्यांना वाचवलं.

थांब्यापासून दवाखाना जवळ. मधे एक मोरी. पावसाळा संपल्यावर एका सकाळी मी फाटकातून बघत होते, तर टेंभुर्णेभाऊ मोरीच्या कठड्यावर बसलेले. बसलेले! दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. वहिनी शेजारी उभ्या. मला ते दृश्य इतकं विचित्र वाटलं की मी तशीच धावत गेले.

"हवा घेऊन राहिलो," ते म्हणाले. मी रागावले. मला भीती वाटली की राग येतो, आधीपासून तसंच आहे. इथे कुठे बसलात, रिक्षा का नाही केली, असं बरंच बडबडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग जरा दम खाऊन म्हणाले, "साकोली, मले एक डाव साकोलीपासून लाखांदूरपर्यंत उभ्यानं जायचं आहे. बसून काय, पार्सल पण जाते."

म्हातारपणी लोक काय काय मागतात. कुणाला काशी हवी, कुणाला नातवाचं लग्न बघायचं असतं. या माणसाला एसटीत दांडी धरून उभं राहायचं होतं, आणि दवाखान्यापर्यंतची मोरी ओलांडता येत नव्हती. मी तेव्हा त्यांना म्हटलं, जाल हो, जाल. मनात म्हटलं, नाही जात हा माणूस आता.

त्याच सुमारास आमच्याकडे नवीन डॉक्टर मॅडम आल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण प्रश्न किती विचारावेत! एका पेशंटला अर्धा तास. मला वैताग यायचा, रक्ताचे बल्ब भरभरून बाहेर तपासणीला पाठवायचं काम माझ्याच बोडक्यावर. टेंभुर्णेभाऊंना त्यांनी खुर्ची दिली. ते खुर्चीला धरून उभे राहिले. मॅडमनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. तेवढ्यात भाऊंचा हात सवयीनं खिशात गेला आणि तांदूळ तोंडात.

मॅडमनी विचारलं, दिवसात किती खाता? ते म्हणाले, मोजले नाही. वहिनी म्हणाल्या, दोन ओंजळी. पाय घासतात का, हेही मॅडमनीच विचारलं, वहिनींनी सांगायच्या आधी. मग म्हणाल्या, यांना लोह कधी दिलंय का?

मी दारात रिपोर्ट घेऊन उभी. मोठ्या ऐटीत सांगितलं, "देता येत नाही मॅडम. ते वाहक आहेत."

"वाहक असले तरी लोह कमी असेल तर द्यायला हरकत नसते," मॅडम म्हणाल्या. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ऐकीव, चहा पिता पिता कानावर पडलेलं. मॅडम भाऊंकडे वळल्या, घरात आणखी कुणाला आहे का, तुम्हाला कधीपासून माहीत आहे की तुम्ही वाहक आहात.

"बत्तीस वर्षं. चार महिने कमी."

मॅडमचं पेन थांबलं. "कशाचे वाहक?"

"एसटीचे," टेंभुर्णेभाऊ म्हणाले. "दुसरे कशाचे असतात?"

वहिनी हसल्या. मॅडमना हसू आलं आणि लगेच गेलं. माझ्या हातातला रिपोर्ट मात्र खाली पडला. मला रेघ दिसली. पट्टी लावून मारलेली, सरळ, माझी रेघ.

मॅडमनी जुनं रजिस्टर मागवलं. मीच आणलं, मीच पान काढलं. टेंभुर्णे दयाराम, तपासणी निगेटिव्ह. काहीच नव्हतं त्यांना, ना आजार, ना अंश. मॅडम म्हणाल्या, मग हे कार्ड कुणी लिहिलं?

"शिबिरात बरेच जण होते मॅडम," मी म्हणाले. "आता आठवत नाही."

टेंभुर्णेभाऊ टेबलाच्या कडेला उभे होते. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

बाहेरून रिपोर्ट आला. शरीरात साठवलेलं लोह जवळजवळ संपलेलं. मॅडमनी वहिनींना बसवून समजावलं, ते मी पलीकडून ऐकत होते. हिमोग्लोबिन फार खाली नसलं तरी साठा रिकामा असू शकतो, आणि थकलेल्या हृदयाला त्याचा फटका जास्त बसतो. त्यामुळे दम, त्यामुळेच पायांची ती वळवळ, आणि कच्चा तांदूळ खावासा वाटणं हीसुद्धा त्याचीच खूण. सवय नाही. गोळ्यांनी आता भागायचं नाही, हृदय असं दमलेलं असलं की पोटातून लोह नीट शोषलं जात नाही. शिरेतूनच द्यावं लागेल. आणि लोह गेलं कुठे तेही शोधायला हवं. ते सापडलं. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी पोटात एक जखम थेंब थेंब वाहत होती. कुणाला पत्ता नाही. त्यावर औषध सुरू झालं. जेवणावर चहा बंद केला, चहा लोह शोषू देत नाही म्हणे. भाऊंना सगळ्यात जास्त दुःख त्याचं झालं.

लोहाचं सलाईन द्यायला मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. मी रजा टाकून सोबत गेले, ती दोघं नको म्हणत असताना. ही त्यांना बसलेलं पाहायची दुसरी वेळ. सिस्टरला म्हणत होते, उभ्यानं नाही का चालणार? सिस्टरनं असं पाहिलं की बसले. नळीतून ते तांबूस काळं पाणी उतरायला लागलं. बराच वेळ त्याच्याकडे बघून म्हणाले, "चहा बंद केला अन् आता सुईनं कोराच चहा देऊन राहिले." गुडघे सतत हलत होते. मी त्या हलणाऱ्या गुडघ्यांकडे बघत होते आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा सलाईन झालं, तेव्हा मी गेले नाही.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. हृदय तेच होतं, जाळी तीच होती. पण दीड-दोन महिन्यांत वहिनी म्हणाल्या, आता झोपतात. मग म्हणाल्या, तांदळाच्या डब्याला हात लावत नाहीत, उलट मीच विसरून खिशात टाकले तर काढून ठेवतात. आणि एका सकाळी मी फाटकातून पाहिलं, तर कोपरं बाहेर काढून टेंभुर्णेभाऊ मोरी ओलांडून येत होते. मधे एकदा थांबले, पण उभ्यानंच.

मला आनंद झाला का? झाला ना. पण त्या आनंदात काही केल्या टेकता येईना. कारण ते आता दर आठवड्याला यायला लागले. गोळ्यांचं काम नसताना. माझ्या खोलीच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. मी सुया टाकतेय, बल्बवर नावं लिहितेय, आणि हे खिडकीच्या गजाला धरून बाहेर बोडीकडे, म्हणजे गावतळ्याकडे, बघताहेत. बोलायचे एवढंच, बरं आहे ना साकोली? आणि थोड्या वेळानं जायचे. मला वाटलं, उपकाराची जाणीव म्हणून येतात. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्यांदाही वाटलं. तिसऱ्या वेळी एका बाईच्या दंडाला दोनदा सुई टोचली तरी शीर सापडेना. घरी चिडचिड, भाजीत मीठ दोनदा. चौथ्या आठवड्यात ते आले, गजाला धरून उभे राहिले, बाहेर बघायला लागले. आणि मला एकदम गाडी दिसली. कोपऱ्यातली सीट, तोंड लपवून बसलेला माणूस, आणि शेजारी उभे टेंभुर्णेभाऊ.

मी हातातलं काम ठेवलं. म्हटलं, "ते कार्ड मी लिहिलं होतं. फॉर्म मीच चुकवला. अन् वहिनींच्या गोळ्या पण मीच ठेवून घेतल्या. डॉक्टर मॅडमसमोर खोटं बोलले."

"मालूम आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तुमी फारम लिवत होत्या, तवा मी समोर उभा होतो ना."

मग बोलले काहून नाही, असं मी विचारलं असेन. नीट आठवत नाही, मी रडत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, बोडीकडेच बघत होते. म्हणाले, तिकीट मागाले लागते. मग आवाज जरा बदलला. असा आवाज त्यांचा मी पूर्वी ऐकला नव्हता.

"दोन वर्षं मी गादीवर पाय घासले. बुढी झोपली नाही. ते काही वापस येत नाही, साकोली."

मी मान हलवली. येत नाही.

त्यांनी शर्टाच्या खिशातून ते मढवलेलं कार्ड काढलं. पँटच्या खिशातून काढला चिमटा, तिकिटाला भोक पाडायचा जुना. गाड्यांत मशीन येऊन कितीतरी वर्षं झाली होती. चिमटा त्यांच्याजवळ कसा राहिला, मी विचारलं नाही. कार्डाचा कोपरा चिमट्यात धरला. प्लास्टिक जाड, दोनदा दाबावं लागलं. टिक्. मग कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं आणि आल्यापासून पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"उतरेपर्यंत जपून ठेव."

आयुष्यभर मला तुमी म्हणणारा माणूस, त्या दिवशी तू म्हणाला. वडीलमाणूस म्हणून की रागानं, मला आजवर कळलेलं नाही. दोन्ही असेल. त्यानंतर ते खिडकीशी आले नाहीत. डॉक्टर मॅडमना मी त्याच दुपारी जाऊन सगळं सांगितलं, आणि त्या शिबिरातली सगळी कार्डं रजिस्टरशी ताडून पाहिली. आणखी चूक निघाली नाही. निघाली असती तर जरा बरं वाटलं असतं का, असा घाणेरडा विचारही मनात येऊन गेला.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ते गेले. झोपेत. मी साकोलीच्या घरी भेटायला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, पाय अगदी शांत होते बाई, लेकरासारखे. एवढंच म्हणाल्या आणि मला चहा दिला.

पण मला ते आठवतात त्याआधीच्या उन्हाळ्यातले. सकाळची वेळ, मी थांब्यावर नुकतीच उतरलेली, हातात नमुन्यांचा डबा. मागून लाखांदूरची दुसरी गाडी आली. खचाखच भरलेली, पण ज्येष्ठांची एक सीट रिकामी, आणि त्या सीटला पाठ लावून, वरची दांडी धरून टेंभुर्णेभाऊ. साकोलीपासून तसेच आले होते. घामानं शर्ट चिकटलेला, चेहरा लहान पोरासारखा. आताची कंडक्टर मुलगी तिकिटाचं मशीन घेऊन पुढे अडकलेली, तर हेच लोकांना सांगत होते, सरका, मधे जागा आहे, मोहाचं झाड सरका पुढे. मला पाहिलं. खिडकीतून म्हणाले, "या ना साकोली. लाखांदूरले जाऊन राहिलो. उभ्यानं."

मी डबा दाखवला. म्हटलं, नमुने खराब होतील, पुढच्या वेळी येते. त्यांनी मान हलवली आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. ड्रायव्हरनं ती खऱ्या कंडक्टरची समजून गाडी काढली. मी धुळीत उभी राहिले, गाडी वळेपर्यंत. दांडीवरचा तो हात वळणापर्यंत दिसत होता.

नमुने त्या दिवशी दुपारपर्यंत तसेच पडून राहिले, तपासणीचं मशीन बंद होतं. गेले असते तर चाललं असतं.

कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. आता मीही रिटायर झाले, एसटीत अर्धं तिकीट लागतं, पर्स उघडली की आधी ते हाताला लागतं. कोपऱ्यात भोक पाडलेलं, मधोमध माझ्या अक्षरात वाहक. गाडीत लोक बसायला जागा देतात. मी बसते, आणि दोन थांब्यांत उठून उभी राहते. शेजारचे विचारतात, आलं का तुमचं गाव, उतरायचं आहे का? मी म्हणते, नाही, अजून नाही.